पिकअप गाडीच्या डिफरेन्शियलमधील वंगण : पावसाळ्यानंतरची अवश्य निगा

बैलगाडी लांबच्या वाटेला जुंपण्यापूर्वी तिच्या आसास वंगण देण्याचा परिपाठ आपल्याकडे पूर्वापार होता. वंगणाचे भांडे गाडीखालीच टांगलेले असे आणि आस कोरडा पडला म्हणजे चाकच कुरकुरून तशी सूचना देई. आज ठाणे जिल्ह्यातील शेतमाल बैलगाडीतून बाजारास क्वचितच जातो. शहापूर, मुरबाड, भिवंडी, अंबरनाथ व कल्याण या तालुक्यांतील भेंडी, काकडी, गवार व कारली रात्री पिकअप गाडीत भरली जातात आणि उजाडण्यापूर्वी कल्याणच्या कृषि उत्पन्न बाजार समितीत, किंवा पुढे ठाणे व वाशी येथवर पोहोचतात. माळशेज घाट उतरून जुन्नर, ओतूरकडील भाजीपालाही याच मार्गाने कल्याणास येतो. या साऱ्या वाहतुकीचा भार पिकअपच्या मागील आसावर असतो. परंतु हा आस बंद आवरणात फिरतो. त्यातील वंगण कमी झाले अथवा त्यात पाणी शिरले, तरी बाहेरून काही दिसत नाही. आवाज येऊ लागतो तेव्हा बहुधा वेळ टळून गेलेली असते.

इंजिनाचे तेल बदलण्याविषयी वाहनधारक दक्ष असतात. मागील आसातील तेलाकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. "गळत नाही, म्हणजे ठीक आहे" अशी समजूत सर्रास आढळते. भरपूर पावसाच्या आणि ओढ्या-नाल्यांच्या या प्रदेशात ही समजूत महाग पडते. ती का महाग पडते आणि हे वंगण स्वच्छ रीतीने कसे बदलावे, याची माहिती या पाठात दिली आहे.

डिफरेन्शियलचे कार्य

पिकअपच्या मागील दोन चाकांच्या मध्ये खाली वाकून पाहिल्यास आसाच्या मधोमध एक मोठा लोखंडी गोळा दिसतो. यालाच डिफरेन्शियल म्हणतात. इंजिनाकडून येणारा लांब दांडा या गोळ्याच्या पुढील तोंडात शिरतो. दांड्याच्या टोकास लहान दंतचक्र असते, त्यास पिनियन म्हणतात. ते आतील मोठ्या दंतचक्रास, म्हणजे क्राऊनला, फिरविते. येथे गती काटकोनात वळते, वेग कमी होतो आणि चाकांना ओढण्याचे बळ वाढते.

डिफरेन्शियलचे दुसरे कार्य अधिक महत्त्वाचे आहे. खळ्यावर मळणी चालली असता मेढीजवळचा बैल लहान पावले टाकतो आणि बाहेरच्या कडेचा बैल भराभर चालतो. दोघांनी सारखेच अंतर चालावे असा हट्ट धरला, तर पात फिरणारच नाही. गाडी वळताना तिच्या चाकांचे हेच होते. दोन चाकांतील अंतर १४० सेंटिमीटर धरले, तर एक पूर्ण वर्तुळ घेताना बाहेरचे चाक आतील चाकापेक्षा सुमारे ८.८ मीटर अधिक चालते. दोन्ही चाकांना बळ मिळावे आणि तरीही प्रत्येकास आपापल्या वेगाने फिरता यावे, अशी योजना आतील लहान दंतचक्रे करतात. फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेक्यूर याने १८२७ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. १९४७ पासून मुंबईत जुळणी होऊ लागलेल्या जीप गाड्यांत हीच रचना होती आणि आजच्या पिकअपमध्येही तत्त्व तेच आहे. 'छोटा हत्ती' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान टेम्पोच्या मागील आसातही असाच गोळा असतो.

येथे वेगळे वंगण का लागते

बहुतेक पिकअप गाड्यांत पिनियन हे क्राऊनच्या मध्यरेषेच्या थोडे खाली बसविलेले असते. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, ते मोठ्या दाबाखाली एकमेकांवर घसरतात. एवढ्या दाबापुढे साध्या तेलाचा थर टिकत नाही. तो फाटला की लोखंडावर लोखंड घासते. म्हणून या तेलात गंधक व स्फुरद यांची संयुगे मिसळलेली असतात. दाब व उष्णता वाढताच ती दातांच्या पृष्ठभागावर रक्षक थर तयार करतात. गियर ऑइलला येणारा उग्र वास मुख्यत्वे या गंधकाचाच होय.

अशा तेलाच्या डब्यावर 'जी.एल.-५' ही खूण असते. 'जी.एल.-४' हे तेल मुख्यत्वे गिअरबॉक्ससाठी असते. ते डिफरेन्शियलला अपुरे पडते. उलटपक्षी काही जी.एल.-५ तेले गिअरबॉक्समधील पितळी भागांना अपायकारक ठरतात. म्हणून एकच डबा दोन्हीकडे ओतू नये. '८० डब्ल्यू ९०' किंवा '८५ डब्ल्यू १४०' हे आकडे तेलाच्या दाटपणाचे असतात. गियर ऑइलचे आकडे इंजिन ऑइलच्या आकड्यांशी ताडून पाहू नयेत, कारण दोहोंची मापे निराळी आहेत. ९० क्रमांकाचे गियर ऑइल हे दाटपणात साधारणतः ४० ते ५० क्रमांकाच्या इंजिन ऑइलइतकेच असते. आपल्या गाडीस कोणते तेल लागते, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच प्रमाण मानावे. काही गाड्यांच्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक घसरू नये म्हणून विशेष योजना केलेली असते. त्यांना निराळे तेल लागण्याचा संभव असल्याने पुस्तिका पाहिल्याशिवाय डबा खरेदी करू नये.

पाणी आत कसे शिरते

गोळा चोहोबाजूंनी बंद असला, तरी त्याच्या किंवा आसाच्या वरील अंगास एक लहान श्वासनळी असते. तिला ब्रीदर म्हणतात. गाडी चालून तेल तापले की आतील हवा फुगते आणि या वाटेने बाहेर पडते. गाडी थंड झाली की तेवढीच हवा पुन्हा आत येते.

आता पावसाळ्यातील परिस्थिती पाहावी. भरलेली गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालून आली आहे आणि आतील हवा ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली आहे. पुढे रस्त्यावर गुडघाभर पाणी साचले आहे. त्या पाण्यात डिफरेन्शियलचा गोळा जवळजवळ पूर्ण बुडतो. गाडी त्यात अडकून पडली आणि आतील हवा ३० अंशांपर्यंत निवली, तर तिचे आकारमान सुमारे एक सप्तमांशाने घटते. तेवढी पोकळी भरून काढण्यासाठी आस बाहेरून ओढ घेतो. ब्रीदर पाण्याखाली असेल तर त्यातून पाणी ओढले जाते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर आसाच्या टोकांच्या व पिनियनच्या ऑइल सीलमधून पाणी शिरते. हे सील आतले तेल बाहेर जाऊ नये यासाठी घडविलेले असतात. बाहेरचे पाणी अडविण्याचे काम त्यांना तितकेसे साधत नाही.

एकदा आत गेलेले पाणी सहजासहजी बाहेर पडत नाही. फिरत्या दंतचक्रांनी ते तेलात घुसळले जाते आणि तेलाचा रंग ताकासारखा पांढुरका होतो. अशा तेलाचा थर दुबळा असतो. गाडी काही दिवस उभी राहिली की बेअरिंगवर गंज चढतो आणि तो गंज पुढे खरवडीचे काम करतो.

ठाणे जिल्ह्यात हा प्रसंग नवा नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. कल्याण-मुरबाड मार्गावरील रायते येथील पूल व टिटवाळ्याजवळ काळू नदीवरील रुंदे येथील पूल हे अनेक पावसाळ्यांत पाण्याखाली गेले आहेत. वाहत्या पाण्याने झाकलेल्या पुलावर गाडी कदापि घालू नये. तेथे प्रश्न तेलाचा नसून प्राणांचा असतो. परंतु अंगणात, रस्त्यावर किंवा बाजाराच्या आवारात उभी असतानाही गाडी पाण्यात राहू शकते, आणि तेवढ्यानेही डिफरेन्शियलला धोका पोहोचतो.

वंगण केव्हा बदलावे

किती किलोमीटरनंतर तेल बदलावे, याचा आकडा पुस्तिकेत असतो. मात्र तो सामान्य वापरासाठी आहे. पूर्ण भार, घाटरस्ता, चिखल आणि पाणी यांतून जाणाऱ्या गाडीसाठी कठीण वापराचा निराळा आकडा दिलेला असल्यास तोच पाळावा. त्याखेरीज पुढील तीन प्रसंग लक्षात ठेवावेत :

१. मे महिन्यात, पावसापूर्वी, ब्रीदर साफ करावा, तेलाची पातळी पाहावी आणि सील तपासून घ्यावेत.

२. पावसाळ्यात गाडीचा मागील आस पाण्यात बुडाला असेल, तर किलोमीटरची वाट न पाहता शक्य तितक्या लवकर तेल तपासावे. पाणी आढळल्यास त्याच दिवशी तेल बदलावे.

३. पाऊस उघडल्यावर, भाताची कापणी व त्यानंतरचा भाजीपाल्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, तेल पुन्हा एकदा पाहावे आणि मुदत जवळ आली असल्यास बदलून घ्यावे. हंगामात गाडीस एक दिवसाचीही उसंत मिळत नाही.

गाडीची हमी चालू असेल, तर हे काम कंपनीच्या अधिकृत केंद्रातच करून घेणे हिताचे ठरते.

आवश्यक साहित्य

पुस्तिकेत सांगितलेले नवे तेल (पिकअपला बहुधा दीड ते तीन लिटर लागते; नेमके माप पुस्तिकेत पाहावे), बुचांना बसणारे पाने किंवा ॲलन की, बुचांचे नवे वायसर, तारेचा ब्रश, स्वच्छ फडकी, पसरट घमेले, तेल भरण्याचा पंप किंवा नळी जोडलेली बाटली, चाकांना लावण्यासाठी लाकडी ओंडके, हातमोजे आणि जुन्या तेलासाठी झाकणाचा रिकामा डबा एवढे साहित्य पुरेसे आहे.

कृती

१. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणावी. कोमट तेल पातळ होते आणि तळचा गाळ बरोबर घेऊन बाहेर पडते. मात्र गाडी पाण्यात बुडून आली असेल, तर ती आणखी न चालविता तसेच काम सुरू करावे.

२. गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करावी. उतारावर पातळी चुकते. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना पुढून व मागून ओंडके लावावेत.

३. पिकअप जमिनीपासून उंच असल्याने पुष्कळदा ती न उचलताच काम होते. उचलणे भागच पडल्यास मजबूत लोखंडी स्टँडवर ती समपातळीत ठेवावी. नुसत्या जॅकवर किंवा विटा-दगडांवर टेकलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

४. दोन्ही बुचांभोवतीचा चिखल ब्रशने झाडून व फडक्याने पुसून काढावा. बाहेरची माती आत गेली, तर सारे श्रम फुकट जातात.

५. प्रथम वरचे, म्हणजे तेल भरण्याचे बूच उघडावे. हा नियम कधीही मोडू नये. खालचे बूच आधी काढून तेल सोडून दिले आणि मग गंजलेले वरचे बूच उघडलेच नाही, तर गाडी जागच्या जागी अडकून पडते.

६. घमेले खाली ठेवून तळाचे बूच सोडवावे. तेल गरम असते याचे भान ठेवावे. पंधरा-वीस मिनिटे ते पूर्ण निथळू द्यावे. काही गाड्यांना तळाचे बूच नसते. तेथे पंपाने तेल ओढून घ्यावे लागते किंवा मागचे झाकण उघडावे लागते. झाकण उघडण्याचे काम जाणत्या मेस्त्रीकडूनच करून घ्यावे.

७. बूच व त्याचे चुंबक पुसून स्वच्छ करावे. नवा वायसर घालून ते पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावे. पान्याला नळी लावून जोर करू नये, त्याने आटे मरतात.

८. वरच्या छिद्रातून नवे तेल सावकाश भरावे. ते छिद्राच्या खालच्या कडेशी येऊन थेंब-थेंब बाहेर पडू लागले की थांबावे. ओघळ थांबल्यावर वरचे बूच बसवावे.

९. ब्रीदर काढून साफ करावा आणि त्यातून हवा मोकळी येते-जाते याची खात्री करून पुन्हा बसवावा. त्यास रबरी नळी असल्यास ती फुटलेली नाही ना, हे पाहावे.

१०. गाडी थोडी चालवून आणावी आणि बुचांपाशी ओल आहे की काय ते तपासावे. तारीख, किलोमीटर व तेलाचा प्रकार वहीत नोंदवावा.

जुन्या तेलाची परीक्षा

बाहेर आलेले तेल पाहिल्याशिवाय ओतून टाकू नये. आतल्या भागांची स्थिती त्यावरून कळते.

तेल काळसर पण एकजीव असेल आणि चुंबकावर राखेसारखा मऊ लेप असेल, तर झीज नेहमीची आहे. काळजीचे कारण नाही.

तेल पांढुरके असेल किंवा आधी पाणी व मागाहून तेल बाहेर पडत असेल, तर पाणी शिरले आहे. अशा वेळी एकदा तेल बदलून भागत नाही. नवे तेल भरून गाडी रिकामीच काही किलोमीटर चालवावी आणि ते तेलही काढून टाकावे. दुसऱ्या खेपेचे तेल स्वच्छ निघाले नाही, तर तीच कृती पुन्हा करावी. पाणी ज्या सीलमधून आले तो बदलावा आणि गाडी बराच काळ बुडालेली असल्यास चाकांची बेअरिंगही तपासून घ्यावीत.

नखाने टोचतील असे लोखंडाचे कण किंवा दाताचा तुकडा निघाला, तर नवे तेल भरून उपयोग नाही. गाडीत माल न भरता ती मेस्त्रीकडे न्यावी. वेग घेताना घोंघावणारा व पाय उचलताच बदलणारा आवाज किंवा सुरू होताना बसणारा ठोका यांचाही हाच अर्थ समजावा. तुटलेला दात दंतचक्रांत अडकला, तर मागची चाके अकस्मात जखडतात. माळशेज किंवा कसारा घाटाच्या उतारावर असे झाल्यास मालाबरोबर माणसेही जातात.

नेहमी होणाऱ्या चुका

अधिक तेल म्हणजे अधिक रक्षण, ही समजूत चुकीची आहे. प्रमाणाबाहेर भरलेले तेल फेसाळते, तापते आणि सीलमधून वाट काढते. आसाच्या टोकाचा सील फुटला तर हे तेल मागील ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते आणि ब्रेक निकामी होतो.

गोळा आतून रॉकेलने किंवा डिझेलने धुण्याची चाल काही ठिकाणी आढळते. ती टाळावी. कानाकोपऱ्यात राहिलेले रॉकेल नव्या तेलाचा दाटपणा घालविते. धुवावयाचेच असल्यास वर सांगितल्याप्रमाणे त्याच प्रकारच्या तेलाने धुवावे.

तिसरी चूक सुट्या तेलाची. उघड्या पिंपातून मोजून दिलेले तेल कोणत्या जातीचे आहे हे ओळखता येत नाही. ज्यावर जी.एल.-५ व दाटपणाचा आकडा स्पष्ट छापलेला आहे, असाच मोहोरबंद डबा घ्यावा आणि पावती जपून ठेवावी. दीड-दोन लिटर तेलात केलेली बचत क्राऊन-पिनियनच्या जोडीच्या खर्चापुढे नगण्य आहे. शिवाय गाडी वाटेत बंद पडून भेंडीचा बाजार चुकला, तर शेतकऱ्याच्या हाती काय राहते, हे सांगावयास नको.

जुन्या तेलाची विल्हेवाट

जुने तेल बांधावर, गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. कुंपणाच्या खांबांना ते फासण्याची किंवा चुलीत जाळण्याची रीतही अपायकारक आहे. भारत सरकारच्या घातक व इतर कचरा नियम, २०१६ अन्वये वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. उल्हास नदीच्या खोऱ्यातील नाल्यात टाकलेले तेल पावसाबरोबर नदीस मिळते, आणि त्याच नदीचे पाणी कल्याण-डोंबिवलीच्या नळांना जाते. ज्यांच्या घरी आपली भाजी शिजते, त्यांच्याच पाण्यात आपले तेल मिसळू नये. जुने तेल झाकणाच्या डब्यात साठवावे आणि अधिकृत सर्व्हिस केंद्रामार्फत किंवा नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरण कारखान्यांसाठी तेल गोळा करणाऱ्यांकडे द्यावे. त्यात पाणी, रॉकेल किंवा ब्रेकचे तेल मिसळू नये, कारण भेसळीच्या तेलाचे शुद्धीकरण कठीण होते.

ग्राम कार्यकर्त्यांनी काय करावे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील पिकअप व टेम्पोंची यादी करावी आणि प्रत्येकीच्या मागील आसातील तेल शेवटचे केव्हा बदलले, हे विचारून नोंदवावे. पुष्कळ ठिकाणी "आठवत नाही" असेच उत्तर मिळेल. त्याच गाड्यांपासून आरंभ करावा. पाऊस उघडल्यावर एक दिवस ठरवून, जाणत्या मेस्त्रीस बोलावून, एका गाडीवर ही कृती सर्वांसमक्ष करून दाखवावी. पाणी शिरलेले तेल व चांगले तेल अशा दोन काचेच्या बाटल्या शेजारी ठेवल्या, तर पुष्कळ बोलण्याचे श्रम वाचतात. जुने तेल त्याच दिवशी एका पिंपात गोळा करून पाठविता येते.

अनेक शेतकरी स्वतः गाडीचे मालक नसतात. चौघे-पाच जण मिळून भाड्याने गाडी ठरवितात. त्यांनीही भाडे ठरविताना मागील आसाचे तेल केव्हा बदलले, हे गाडीवाल्यास अवश्य विचारावे. टायर व ब्रेक पाहिल्याशिवाय जसा कोणी घाटात माल घालीत नाही, तशीच ही चौकशीही झाली पाहिजे. तिला दोन मिनिटे लागतात, आणि गाडीवाल्याकडे नोंदीची वही असेल तर तेवढीही लागत नाहीत.